अनुभव धागा: शाळेत असताना केलेला नोकरीचा पहिला अर्ज

दहावी-अकरावीत शिकत असताना नोकरीसाठी अर्ज केलेल्या सोलापूरकरांनी, काम मिळालेले असो वा नसो, आपला अनुभव येथे लिहावा. २०१६च्या दुरुस्तीपासून कायद्याने, मोजके अपवाद वगळता, १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामाला लावण्यास बंदी आहे. तेव्हा वयाची चौकशी झाली का, तेही सांगावे. सुरुवात मी करतो.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. अर्ज मात्र मराठीतच हवा, म्हणून नवी पेठेतल्या एका पुस्तकांच्या दुकानासाठी मी शाळेतल्या पत्रलेखनाच्या नमुन्यावरून फुलस्केपवर अर्ज लिहिला आणि सवयीने खाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ अशी सही केली. मालकांनी त्या ओळीवर नख ठेवले, हसले आणि उद्यापासून यायला सांगितले. पगाराचा उल्लेख मी संकोचाने केला नव्हता. महिनाअखेरीस निम्मा पगार रोख मिळाला, निम्मा वह्यांच्या रूपाने.

— अशोक चौकातून:
माझी आई विड्या वळत असे. अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेलच्या कारखान्यात मी सुट्टीपुरते काम मागायला गेले, तेव्हा तीही सोबत आली. व्यवस्थापकांनी आधार कार्डावरची जन्मतारीख पाहून, मी सोळा वर्षांची असल्याने मागाजवळ जायचे नाही, घड्या घालायच्या आणि सुटे धागे कापायचे, असे बजावले. मी मान डोलावली, आईने मात्र लगेच विचारले, “डझनाला किती?” हजार विड्यांमागे मजुरी मोजून घेणाऱ्या बाईला तो प्रश्न सुचणारच. दर ठरला, कागदावर लिहून घेतला आणि शनिवारच्या बटवड्याला एकदाही वाद झाला नाही.

— साखर पेठेतून:
गड्ड्याच्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानावर उभा राहिलो होतो. अर्ज कसला, मामांनीच नेऊन उभे केले. (हा अनुभव विषयात बसतो का, हे धागाकर्त्यांनी ठरवावे.)

— जुळे सोलापूरहून:
आता माझेच औषधांचे दुकान आहे. गेल्या मे महिन्यात हिशेबाच्या कामासाठी अकरावीतल्या एका मुलाचा व्हॉट्सॲपवर अर्ज आला; त्याच्या पहिल्याच ओळीत ‘पगार किती देणार, सर?’ असे होते. वाचून थोडा राग आला. मग मी त्याची जन्मतारीख मागवली, सायंकाळी सातच्या आत घरी सोडण्याचे कबूल केले आणि आकडा कळवला. त्याने तो पाचशेने वाढवून मागितला.