जुन्या महामार्गावर काँक्रीटचा थर: टाकावा की नको?

मैलाचा दगड
महामार्गाच्या डांबराला चाकोऱ्या पडल्या, भेगांची जाळी दिसू लागली की ठरलेला उपाय एकच: वर आणखी एक डांबराचा थर. तोही उन्हात मऊ होतो, त्याच जड ट्रकांखाली पुन्हा चाकोऱ्या पडतात आणि काही वर्षांत नवी निविदा निघते. जड वाहतुकीच्या रस्त्यांवर हे चक्र थांबवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. खराब डांबर मिलिंग करून, म्हणजे यंत्राने खरवडून, काढा आणि उरलेल्यावर काँक्रीट टाका. हे व्हाइट टॉपिंग नवं खूळ नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या टेरे हॉट इथे १९१८ मध्येच ते झालं होतं.

यातली खरी मेख चिकटण्यात आहे. काँक्रीटने खालचं डांबर घट्ट धरलं की दोन्ही थर एक होऊन वाकतात आणि काँक्रीटच्या तळाशी येणारा ताण बराच उतरतो. म्हणून १०-१५ सेंमी जाडीत भागतं.

साइडपट्टी
असहमत. सगळा डोलारा ‘चिकटलं तर’ यावर उभा आहे. जुन्या डांबरात पाणी मुरलेलं असतं, काँक्रीटच्या सांध्यांतून आणखी उतरतं. वरून ट्रक गेला की ते दाबाखाली येतं आणि खडीवरचं डांबर सोलून काढतं. वर पांढरंशुभ्र काँक्रीट, खाली सुटी खडी. मग स्लॅबचा कोपरा अधांतरी राहतो आणि तुटतो.

मिनेसोटात आय-९४ महामार्गावर मिन-रोड या रस्ते-चाचणी प्रकल्पाने १९९७ मध्ये असे पातळ थर टाकून पाहिले. काँक्रीटला काप देऊन पाडलेल्या १.२ मीटरच्या चौकोनांचे कोपरे तुटले. शिवाय काही ठिकाणी डांबरातल्या जुन्या भेगा काँक्रीटमधून वर आल्या. धाग्यात हे यायला हवं होतं.

मैलाचा दगड
@साइडपट्टी, त्याच चाचणीचा पुढचा भागही सांगायला हवा. लेन ३.६ मीटरची. तिचे १.२ मीटरचे तीन भाग केले की उभा, म्हणजे रस्त्याच्या लांबीने जाणारा, सांधा नेमका चाकांच्या वाटेत येतो, म्हणजे प्रत्येक ट्रक कोपऱ्यावरूनच जातो. १.८ मीटरचे चौकोन केले की सांधा लेनच्या मधोमध, दोन्ही चाकांच्या मध्ये राहतो. मोठे चौकोन जास्त टिकले ते त्यामुळे. दोष आखणीचा होता, काँक्रीटच्या माथी मारू नका.

कटरवाला
तुम्ही दोघं ज्या सांध्यांवर भांडताय ते कापायचं काम आमचं असतं, म्हणून लिहितो. दोन लेन, ७.२ मीटर रुंदी, १.८ मीटरचे चौकोन. दोन्ही लेन एकदम ओतल्या तर एका किलोमीटरला आडवे काप साधारण ४ किमी आणि उभे ३ किमी. सात किलोमीटर कटर चालवायचा आणि तोही काँक्रीट घट्ट झाल्यावर काही तासांतच. लवकर घातला तर कडा उचकटतात. उशीर झाला की काँक्रीट स्वतःची भेग स्वतः काढतं, तुमच्या आखणीला विचारत नाही. रात्री दोनला कटरचं पातं झिजलं आणि दुसरं साइटवर नसलं, तर सकाळी त्याचा परिणाम दिसतो.

आणखी एक. दुपारी डांबर इतकं तापतं की हात ठेववत नाही. त्यावर तसंच ओतलं तर काँक्रीटचा तळ आधी सुकतो आणि बाँड, म्हणजे डांबरावरची पकड, जातो. पाण्याचा फवारा मारून थंड करायचं, पण डबकं राहू द्यायचं नाही. पातळ थर लवकर सुकतो, म्हणून ओल धरून ठेवणारं क्युरिंग कंपाउंड नेहमीच्या दुप्पट लागतं. तिथे हात आखडला जातो, हे मी पाहिलंय.

हिरवी वाट
सिमेंटबद्दल कुणीच बोलत नाही. चुनखडी भाजताना तिच्यातलाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी कितीही स्वच्छ इंधनावर चालवा, तेवढा भाग सुटत नाही. डांबर मिलिंग करून पुन्हा वापरता येतं. मग दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंट का ओतायचं?

मैलाचा दगड
@हिरवी वाट, मुद्दा मान्य, पण हिशोब पूर्ण आयुष्याचा करा. त्याच काळात डांबराचे किती थर पडले, तेही मोजा. आणि मिश्रणात फ्लाय अ‍ॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घालून सिमेंट कमी करता येतंच.

साइडपट्टी
आयुष्याचा हिशोब थर टिकला तरच जमतो, म्हणून मी पुन्हा खालीच येतो. मिलिंगनंतर निदान ७५ मिमी धड डांबर उरायला हवं. उरतं की नाही हे कोअर, म्हणजे रस्ता भोकून काढलेला गोल नमुना, काढल्याशिवाय कसं कळणार? वरच्या भेगा बघून कळत नाही. हातात घेतल्यावर कोअरचे तुकडे पडले, तर तिथे चिकटवण्याचा विचारच सोडावा. जाड, डांबराला न चिकटवलेला सुटा थर द्या किंवा जुनं डांबर उखडा. सरसकट व्हाइट टॉपिंगला माझा विरोध कायम.

आणि उंचीचं काय? १५ सेंमी चढले की पुलाखालची मोकळी उंची तेवढी घटते, कठडे ठेंगणे होतात, पाणी भलतीकडे वळतं.

मैलाचा दगड
कोअरबाबत पूर्ण सहमत. मिलिंगची खोली ठरवण्याआधीच काढावेत आणि भेगांच्या जागी जास्त. उंचीचं उत्तर मात्र आहे: पुलाखाली वर चढवायचं नाही, थराच्या जाडीइतकं खाली खोदून तिथला तुकडा नव्याने बांधायचा आणि दोन्ही बाजूंना उतार लांबवर जुळवायचा. हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच दाखवला पाहिजे. तो लपवून व्हाइट टॉपिंग स्वस्त ठरवणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.