१२० सेंमी रीफ टँकवर दोन एलईडी किती उंचीवर टांगावेत?

खारेपाणी_पुणे
प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक १२० × ६० सेंमी, पाण्याची खोली ५०. वर मधोमध १५ सेंमी रुंद काचेचा ब्रेस (आधाराची आडवी पट्टी). डिमर असलेली दोन एलईडी फिक्स्चर, ९० अंशांच्या लेन्स. ठेवायचेत फक्त झोअँथस, मशरूम आणि टोडस्टूल लेदर हे मऊ प्रवाळ. उंची किती, अंतर किती, आणि टांगायचे की काठावर स्टँड लावायचा? पार (प्रवाळांना वापरता येणारा उजेड) मोजायचा मीटर नाही.

लाटमापक
उजेड कमी-जास्त करायला उंची वापरू नका, त्यासाठी डिमर आहे. उंची ठरते पसाऱ्यावरून. ९० अंशांच्या लेन्सचा झोत पाण्यावर उंचीच्या दुप्पट व्यासाचा पडतो. तुमची रुंदी ६०, म्हणजे उंची पाण्यापासून ३० सेंमी. १५ वर टांगलेत तर ३० सेंमीचा भगभगीत गोल आणि कोपरे काळोखात. पाणी खोल आहे तर खाली उजेड पसरेलच, असंही धरू नका: ४५ अंशांनी आलेला किरण पाण्यात शिरताच साधारण ३२ अंशांवर वळतो. याच वळण्यामुळे बाजूच्या काचेवर आदळलेला उजेड बाहेर न जाता आत परततो. मात्र काचेवर शेवाळ असेल तर तो तिथेच मुरतो.

डाव्या काचेपासून ३० आणि ९० सेंमीवर फिक्स्चरचे मध्य घ्या. ब्रेसवर मिठाचा थर साचला की खाली सावली पडते. तिथे मशरूम लावा, त्यांना चालतं. थर दर आठवड्याला आरओ पाण्याने पुसायचा.

निळाउजेड
वरच्या उत्तरात भर. पुढे-मागे बरोबर मध्यावर नको, पुढच्या काचेपासून २५ सेंमीवर घ्या. दगड मागे रचलेले असतात, आणि दिवा त्यांच्या माथ्यावर असला की आपल्याकडची बाजू अंधारात राहते. पण फिक्स्चर तिरकं करू नका, सोफ्यावर बसणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातं.

बरं झालं, दगडी सांगाड्याचे प्रवाळ यादीत नाहीत. ते वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत.

तारखिळा
काठावरचा स्टँड ३० सेंमी उंची क्वचितच देतो. टांगायचेच असतील तर अँकर फास्टनर थेट स्लॅबमध्ये हवेत; जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर वजन अजिबात टाकू नका. स्लॅबला हात लावायचा नसेल तर कॅबिनेटच्या पाठीला २० × ४० ॲल्युमिनियम प्रोफाइलची कमान. नटबोल्ट स्टेनलेसचेच, साधे खाऱ्या हवेत गंजतात आणि गंज टँकमध्ये गळतो. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाशीच ठिबकतं, सॉकेटमध्ये जात नाही. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा.

खारेपाणी_पुणे
टक्के किती ठेवू? मोबाइलवरचं लक्स ॲप चालेल का?

लाटमापक
निळ्या उजेडात ते ॲप भलतेच आकडे दाखवतं, सोडून द्या. मीटर भाड्याने मिळाला तर अपोजी एमक्यू-५१० घ्या. जुनी मॉडेल निळा उजेड कमी मोजतात. पंप चालू ठेवूनच मोजा आणि हलत्या आकड्यांची सरासरी धरा. मशरूमजवळ पार ५० च्या आसपास, झोअँथस आणि लेदरला ८० ते १२० पुरे.

मीटर नसेल तर निळा ३० टक्के, पांढरा ५ ते १०, आठ तास. निळा आठवड्याला ५ टक्क्यांनीच वाढवा. झोअँथसचे देठ लांबत चालले तर उजेड कमी पडतोय. मशरूम आक्रसून फिके पडले तर जास्त होतोय, लगेच १० टक्के उतरवा. लेदर मिटलं म्हणून घाबरू नका, ते अधूनमधून वरची मेणचट कात टाकतं आणि तेव्हा काही दिवस बंदच असतं. उंची आणि टक्के एकाच आठवड्यात बदलू नका, नाहीतर बिघडलं कशाने ते कळणार नाही.

निळाउजेड
आणि वर काच झाकू नका. उन्हाळ्यात पाणी तापतं, शिवाय मिठाने काच धुरकट होऊन उजेड अडतो. मासे उडी मारतात म्हणून पारदर्शक जाळी लावा, ६ मिमी छिद्रांची.