मदत हवी आहे: प्रयोगांवर 'फेल'चा शिक्का बसला आणि टीम गप्प झाली

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत सात जणांच्या टीमची मी लीड आहे. आमचं सॉफ्टवेअर क्लासवाले वापरतात: प्रवेश, फी, हजेरी. दर स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्यात) एक तरी छोटा प्रयोग करायचा, असं आम्ही गेल्या वर्षी ठरवलं. सुरुवातीला सगळे उत्साहात होते. एकाने एरर मेसेज मराठीत करून पाहिले. दुसऱ्याने कॅशिंगची (वारंवार लागणारी माहिती पटकन मिळावी म्हणून जवळ साठवण्याची) वेगळी पद्धत दोन दिवस वापरून पाहिली आणि ती आपल्या कामाची नाही हे दाखवून दिलं. त्या दोन दिवसांनी पुढचं किती काम वाचलं, ते आम्हालाच ठाऊक.

मग महिन्याच्या आढाव्यासाठी वरून एक एक्सेल आली. प्रत्येक प्रयोगापुढे 'पास' किंवा 'फेल'. मार्चमध्ये आमच्यातल्या सगळ्यात नवीन मुलीचा प्रयोग सर्वांसमोर लाल रंगात झळकला. तिने तीन पानी नोंदणी फॉर्म एका पानावर आणला होता, पण ए/बी टेस्टमध्ये (काही लोकांना जुना आणि काहींना नवा फॉर्म दाखवून केलेल्या तुलनेत) फरक दिसला नाही. तिला कुणी रागावलं नाही. फक्त "मग एवढे दिवस कशात गेले?" असं विचारलं गेलं. तेव्हापासून तिने एकही कल्पना मांडलेली नाही. बाकीचेही आता जे पास होणार हे आधीच माहीत आहे तेवढंच सुचवतात. रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामावर मागे वळून बोलायच्या बैठकीत, "सगळं ठीक आहे". मार्चच्या त्या आढाव्यात मीही काही बोलले नाही, ते मला फार लागून राहिलं आहे.

उलटंही घडलंय. एका टेस्टमध्ये चौथ्याच दिवशी नवा पर्याय पुढे दिसला, म्हणून आम्ही तिथेच थांबून 'पास' लिहिलं. सर्वांना रिलीज केल्यावर तो फायदा कुठेच दिसेना. रोज आकडे पाहायचे आणि बरे दिसले की थांबायचं, यात योगायोगालाच यश समजण्याचा धोका वाढतो, हे नंतर समजलं. ती ओळ अजून हिरवीच आहे.

फॉर्मवर महिन्याला जेमतेम ६,००० लोक येतात, शंभरातले ४ नोंदणी पूर्ण करतात. एवढ्यावर ए/बी टेस्ट करण्यात अर्थ आहे का? 'फेल'च्या जागी मॅनेजरला पटेल असं काय लिहावं? आणि त्या मुलीला पुन्हा बोलतं कसं करू?

प्रतिसाद १

आधी गणित. ४ टक्क्यांवरून ४.४ झाले हे खात्रीने दिसायला, नेहमीच्या निकषांनी (९५ टक्के विश्वासपातळी, म्हणजे फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता ५ टक्केच; ८० टक्के पॉवर, म्हणजे फरक खरंच असेल तर तो दिसण्याची शक्यता ८० टक्के), प्रत्येक गटात ३९ ते ४० हजार लोक लागतात. तुम्हाला वर्षाहून जास्त लागेल. ४ चे ६ झाले तर गटामागे १,९०० च्या आसपास पुरतात, म्हणजे तीन आठवडे. तेव्हा टेस्ट मोठ्या बदलांसाठीच ठेवा. बारीकसारीक गोष्टींसाठी पाच-सहा जण फॉर्म भरत असताना शेजारी बसून बघा, त्यातून जास्त कळतं.

मॅनेजरना सांगा की मायक्रोसॉफ्टमध्ये प्रयोगांचं काम सांभाळलेले रॉन कोहावी यांनी सहलेखकासोबत २०१७ मध्ये लिहिलं होतं: तिथले ढोबळमानाने एक तृतीयांश प्रयोग फायद्याचे, एक तृतीयांश ना नफा ना तोटा आणि उरलेले नुकसानीचे ठरतात.

प्रतिसाद २

आम्ही चार रकाने ठेवतो: काय होईल असं वाटतं, किती लोकांवर आणि किती दिवस, काय दिसलं, त्यावरून काय ठरलं. पहिले दोन प्रयोग सुरू होण्याआधीच भरायचे, म्हणजे चौथ्या दिवशी थांबायचा मोह होत नाही.

ताई, ती हिरवी ओळ तुम्ही स्वतः पुढच्या बैठकीत दुरुस्त करा, सर्वांसमोर. टीमच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त आढळली होती. तिथले लोक चुका सांगत होते, एवढंच. तुमच्याकडे आधी तुम्ही सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच लॉग काढून पाहिला. तिची टेस्ट दोन आठवडे चालली होती, दोन्ही गट मिळून २,८०० लोक. म्हणजे फॉर्म चांगला की वाईट हे त्यातून कळणारच नव्हतं, आणि एवढे दिवस पुरतील हे मीच ठरवलं होतं. उद्या सकाळी आधी तिच्याशी बोलते, मग हिरव्या ओळीचं.

एक अडचण आहे. एक्सेलचे रकाने वरून ठरून येतात, आम्हाला बदलता येत नाहीत. वरची एक्सेल आणि आपले चार रकाने, अशी दुहेरी नोंद कुणी ठेवली आहे का? ती किती दिवस टिकली?