मदत हवी आहे : दारू सोडायची आहे, पण सोडण्याचीच भीती वाटते

नमस्कार.

गेली अनेक वर्षे मी रोज संध्याकाळी दारू पितो आणि आता ती सुटावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. दारूमुळे यकृताचे, संसाराचे आणि नोकरीचे काय होते हे मला पुरते ठाऊक आहे, त्यामुळे दुष्परिणाम समजावून सांगणारे प्रतिसाद कृपया देऊ नयेत. माझी अडचण वेगळी आहे. सोडण्याचा विचार मनात येताच पोटात गोळा येतो आणि ती भीती शमवण्यासाठी मी पुन्हा पितो.

पहिली भीती शरीराची आहे. सकाळी माझा हात इतका थरथरतो की सही ओळखू येत नाही, म्हणून कार्यालयातील सह्यांची सगळी कागदपत्रे मी दुपारनंतरसाठी बाजूला काढून ठेवतो. मध्यंतरी एक दिवस निश्चय करून प्यायलो नाही, तेव्हा संध्याकाळपर्यंत अंगाला दरदरून घाम सुटला, छाती धडधडू लागली आणि दाराची कडी वाजली तरी मी दचकू लागलो. रात्री घेतल्यावर थोड्याच वेळात सगळे शांत झाले. तेव्हापासून, दारूशिवाय हे शरीर चालणारच नाही असे मनाने घेतले आहे. शिवाय एका परिचिताने एकाएकी दारू बंद केल्यावर त्याला फिट आल्याचे ऐकले आहे.

दुसरी भीती बोलण्याची आहे. पत्नीला सगळे दिसते, पण ती आता विचारत नाही. तिला सांगितले की ते वचन होईल आणि वचन मोडले तर तिच्या नजरेतून मी कायमचा उतरेन, असे वाटत राहते. एका नातेवाईकाने तिला जेवणात गुपचूप मिसळायच्या औषधाविषयी सुचवले आहे, हेही माझ्या कानावर आले आहे, आणि त्याने मी अधिकच धास्तावलो आहे.

तिसरी भीती शब्दांत मांडणे अवघड आहे. संध्याकाळी सातपासून झोपेपर्यंतचे तास दारूशिवाय कसे जातील आणि त्या तासांत मी कोण असेन, हे मला खरोखर डोळ्यांसमोर आणता येत नाही.

मदत सर्वांत आधी कोणाकडे मागावी, घरी राहून सोडता येते की दाखलच व्हावे लागते, डॉक्टरांना नेमके काय सांगावे, आणि समूहाच्या सभेला गेल्यास सर्वांसमोर बोलावेच लागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

माझ्या पतींनी दारू सोडली त्याला आता बराच काळ लोटला आहे, म्हणून आपल्या पत्नीच्या जागी बसून लिहिते. त्या विचारत नाहीत याचा अर्थ त्यांनी आशा सोडली असा कृपया लावू नका; विचारले की भांडण होते, या अनुभवानेही माणूस गप्प होतो. मला माझ्या पतींकडून "उद्यापासून बंद" हे वाक्य नको झाले होते, कारण ते मी फार वेळा ऐकले होते. ज्या दिवशी ते म्हणाले की "मला भीती वाटते, डॉक्टरांकडे माझ्याबरोबर येशील का?", त्या दिवशी मला प्रथमच वाटले की हे खरे बोलत आहेत.

प्रतिसाद २

वरील ताईंनी लिहिले आहे तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : वचन देऊ नका, सोबत मागा. वचन मोडू शकते. तपासणीला सोबत येण्याच्या विनंतीत मोडण्यासारखे काही नसते. मी स्वतः दारू सोडलेला माणूस आहे आणि नव्याने सोडणाऱ्यांबरोबर नियमित बसतो, तेव्हा त्या अनुभवावरून आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून शिकलेल्या गोष्टींवरून सविस्तर लिहितो.

शरीराविषयीची आपली भीती भित्रेपणाची नाही, ती रास्त आहे. दारू मेंदूतील शांत करणाऱ्या यंत्रणेला बळ देते आणि उत्तेजित करणाऱ्या यंत्रणेला दाबून ठेवते. रोजच्या पिण्याने मेंदू या दाबाशी जुळवून घेतो, आणि दारू एकाएकी थांबली की दबलेली उत्तेजना उसळून वर येते. शेवटच्या पेयानंतर साधारण 6 ते 12 तासांत थरथर, घाम, धडधड आणि मळमळ सुरू होते. फिट येण्याचा धोका प्रामुख्याने पहिल्या 48 तासांत असतो. आणि काही जणांना 48 ते 96 तासांच्या दरम्यान भ्रम, भास, ताप व तीव्र अस्वस्थता अशी अवस्था येते, जिला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न झाल्यास ती जीवघेणी ठरू शकते. आपल्याला सकाळीच थरथर होते, त्यामुळे वैद्यकीय देखरेखीशिवाय एकदम बंद करण्याचा प्रयोग आपण करू नये. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : वारंवार सोडणे आणि धरणे झाले, तर पुढच्या वेळचा त्रास अधिक तीव्र होण्याची शक्यता असते. म्हणून पुढचा प्रयत्न नीट तयारीने व्हावा.

आता दिलासा देणारा भाग. हा त्रास बऱ्याच अंशी टाळता येतो. डॉक्टर बेन्झोडायझेपिन गटातील, म्हणजे मेंदूची उत्तेजना शांत करणारी, औषधे देतात आणि काही दिवसांत त्यांची मात्रा उतरवत नेतात. ही औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, देतात. त्याच्या कमतरतेमुळे मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. पूर्वी फिट किंवा भ्रम झाला असेल, दुसरा गंभीर आजार असेल किंवा घरी लक्ष ठेवणारे कोणी नसेल, तर दाखल होणे श्रेयस्कर. एरवी रोजच्या तपासणीसह घरी राहूनही अनेकांना सोडता येते. हा निर्णय मात्र डॉक्टरांचा. मनोविकारतज्ज्ञ किंवा आपले नेहमीचे डॉक्टर, दोघांकडेही सुरुवात करता येते.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या : रोज किती पिता, शेवटचे कधी घेतले, सकाळी घ्यावी लागते का, पूर्वी कधी फिट आली होती का, इतर कोणती औषधे चालू आहेत. प्रमाण कमी करून सांगू नका, कारण औषधाची मात्रा त्यावरूनच ठरते. तोंडाने सांगणे जड गेल्यास तो कागद पुढे केला तरी चालतो. मी स्वतः तेच केले होते, आणि डॉक्टरांनी तो शांतपणे वाचून फक्त दोन-तीन प्रश्न विचारले.

जेवणात मिसळण्याच्या औषधाविषयी पत्नीशी आजच स्पष्ट बोला. अशा रीतीने बहुधा डायसल्फिराम दिले जाते. ते शरीरात असताना दारू पोटात गेली, तर अॅसिटाल्डिहाइड हे दारूपासून शरीरात तयार होणारे विषारी द्रव्य साचून चेहरा लाल होणे, उलट्या, रक्तदाब घसरणे इथपासून हृदयावर ताण येण्यापर्यंत प्रतिक्रिया होते आणि ती प्राणावर बेतू शकते. रुग्णाची पूर्ण माहिती आणि संमती असल्याशिवाय ते देणे घातक आहे. तलफ कमी करण्यासाठी नालट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट अशी इतर औषधे आहेत. यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी करून डॉक्टर त्यांची निवड करतात.

समूहाच्या सभेविषयी : अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या समूहाची सुरुवात 1935 साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून झाली. तिथे सदस्यत्वाची अट एकच आहे : दारू सोडण्याची इच्छा. शुल्क नाही, पूर्ण नाव सांगावे लागत नाही, आणि बोलण्याची सक्तीही नाही. कितीतरी जण बराच काळ नुसते ऐकत बसतात. तेथील ईश्वराचा उल्लेख काहींना रुचत नाही, त्यांनी समुपदेशकाची किंवा व्यसनमुक्ती केंद्रातील गटाची वाट धरावी. कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन हा स्वतंत्र समूह आहे, पत्नीला त्याविषयी जरूर सांगा.

संध्याकाळचे तास सुरुवातीला खरोखर जड जातात, ते मी नाकारणार नाही. सभा बऱ्याचदा त्याच वेळी असतात, याचा मला फार उपयोग झाला. झोप स्थिरावायला कित्येक आठवडे लागू शकतात. तेवढ्यावरून आपले बिघडले असे समजू नये. आपण त्या तासांत कोण असाल, याचे उत्तर आत्ताच मिळायला हवे असे नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ताईंचे वाक्य मी जवळजवळ जसेच्या तसे पत्नीला म्हटले. ती येणार आहे, आणि त्या औषधाचा विषय तिनेच काढून बंद केला. डॉक्टरांची वेळ आठवड्याअखेरची मिळाली आहे. तोपर्यंत मी काय करावे?

प्रतिसाद २

फार चांगले झाले. तोपर्यंत एकदम बंद करू नका आणि शेवटचे म्हणून जास्तही पिऊ नका. डॉक्टरांकडे फोन करून सकाळी थरथर होते हे सांगा, कदाचित ते लवकर बोलावतील. मधल्या दिवसांसाठीची सूचनाही त्यांच्याकडूनच घ्या. जेवण आणि पाणी चुकवू नका, वाहन चालवू नका. फिट आली, नसलेल्या गोष्टी दिसू किंवा ऐकू येऊ लागल्या, वेळ-स्थळाचे भान सुटले, ताप चढला किंवा उलट्या थांबेनाशा झाल्या, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे आणि शेवटचे कधी प्यायलात हे तिथे सर्वांत आधी सांगावे. ही लक्षणे पत्नीलाही वाचून दाखवा, कारण तशा अवस्थेत ती आपल्या स्वतःच्या लक्षात येतीलच असे नाही.