मांजरांचा मुरलेला वास घालवून घर राहण्याजोगे कसे करावे?

प्रश्न (दारव्हा तालुका)
बदलीच्या गावी भाड्याने घेतलेल्या घरात पूर्वीच्या भाडेकरूंनी अनेक मांजरे पाळली होती. घर जुने, कवेलूंचे आहे. पुढच्या खोल्यांत शहाबादी फरशी आहे, मागची खोली सारवलेली आहे आणि चौकटी सागवानी आहेत. घरमालकांनी फिनाईलने धुऊन चुनाही मारून दिला. दुपारी काहीच जाणवत नाही, परंतु कूलर सुरू केला की नाक धरावे लागते. जूनच्या अखेरीस शाळा उघडण्यापूर्वी लहान मुलासह राहायला जायचे आहे. काय करावे?

उत्तर १ (अमरावती)
कूलर लावल्यावरच वास येतो, यातच कारण दडलेले आहे. मांजराच्या मूत्रातील युरिया पाण्याने वाहून जातो, पण युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात फारसे विरघळत नसल्यामुळे ते फरशीच्या सांध्यांत आणि गिलाव्यात बसून राहतात व हवा दमट झाली की पुन्हा वास सुटतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेवर विसंबून राहायला गेलात, तर मृगात पस्तावाल.

आधी जागा शोधा. रात्री दिवे मालवून अतिनील टॉर्चच्या प्रकाशात पाहिल्यास डाग पिवळट-हिरवट चमकतात. धुण्याच्या पावडरीचे डागही चमकतात, म्हणून शेवटी वाकून हुंगावेच लागते. बोके उभ्या जागी फवारा मारतात, तेव्हा चौकटींचे पाय आणि भिंतींचा खालचा भाग सोडू नका. त्यानंतर साध्या पाण्याने फिनाईलचा अंश काढून एन्झाइमयुक्त द्रावण सांध्यांत मुरेल इतके ओता. पाळीव प्राण्यांच्या साहित्याच्या दुकानात ते मिळते. आपल्याकडील उन्हात ते काम करण्याआधीच वाळते, म्हणून रात्रभर वर प्लास्टिक अंथरून ठेवा.

उत्तर २ (आर्वी)
मागच्या खोलीत द्रावण वाया घालवू नये. ओल मुरलेली माती दोन-तीन इंच खणून बाहेर टाकावी, खड्डा काही दिवस उघडा वाळू द्यावा, मग नवा मुरूम व माती भरून चोपावी आणि पूर्ण वाळल्यावरच सारवावे. भिंतींवर चुना मारण्याची घाई झाली, असे माझे मत आहे. डागाच्या जागी तो खरवडून गिलावा स्वच्छ करावा लागेल. चौकटींचे पाय पॉलिश पेपरने घासून, वाळवून त्यांवर लाखेचे पॉलिश द्यावे, म्हणजे उरलासुरला वास आत कोंडला जातो.

प्रश्नकर्ती
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. शेजारच्या काकूंनी व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरण्यास सुचवले आहे. चालेल का?

उत्तर ३ (यवतमाळ)
मुळीच नको. ब्लीचिंग पावडरमध्ये व्हिनेगर मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि जुन्या मूत्रातील अमोनियाशी तिचा संयोग झाला तर क्लोरामाइनसारखे विषारी वायू तयार होतात. बंद खोलीत श्वास कोंडतो. शिवाय शहाबादी हा चुनखडीचा दगड असल्याने नुसत्या व्हिनेगरनेही त्याची झिलई उतरते. काकूंना दुखवायचे नसेल, तर खायचा सोडा वापरते असे सांगा. तो फरशीवर पसरून दुसऱ्या दिवशी झाडून काढल्यास वरवरचा वास कमी होतो आणि दगडालाही अपाय होत नाही.