विशेष मुलं वेगळ्या शाळेतच बरी?

ताई, "साध्या वर्गात अशी मुलं नुसती बसून राहतात, त्यापेक्षा वेगळी शाळा बरी" हे तुमचं म्हणणं मला नाही पटलं, काळजी मात्र समजते. मी कर्णबधिर मुलांसाठीचं विशेष डीएड करून आधी निवासी शाळेत शिकवायचे, आता तालुक्यातल्या झेडपी शाळांवर फिरते. तिसरीच्या एका वर्गात श्रवणयंत्र लावणारा मुलगा आहे, त्याला दुसऱ्या बाकावर बसवलं, बाईंना सांगितलं की फळ्याकडे तोंड करून बोलू नका आणि खिडकी पाठीशी ठेवून उभ्या राहू नका, चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत, बस एवढंच, तर आता शेजारचा पोरगा न सांगता त्याला पान नंबर बोटाने दाखवतो!! हे शेजारपण वेगळ्या शाळेत कुठून आणायचं?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जवळची शाळा की विशेष शाळा ही निवड मुलाची आहे. खरी अडचण माणसांची. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये आदेश दिल्यावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवलं की प्राथमिकला दर १० विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, वरच्या वर्गांना १५ मागे एक. आमच्याकडे एकेकीवर कितीतरी शाळा. शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला जाल तेव्हा हे नक्की विचारा, पालकांनी विचारलं की फरक पडतो.