लिस्बनचा जुना कोरीव नकाशा: १५९८ चा की नंतरचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सध्या कामानिमित्त लिस्बनला आहे. इथल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात शहराचा कोरीव नकाशा पाहिला आणि तो मनातून जाईना. ब्राउन आणि होगेनबर्ग यांच्या 'सिव्हिटाटेस ऑर्बिस टेरारम'च्या पाचव्या खंडातलं पान, साल १५९८, असं दुकानदार सांगतो. कोलोनला १५७२ ते १६१७ दरम्यान सहा खंडांत निघालेला हा नगरचित्रांचा संग्रह. पहिल्या खंडात दीवच्या जोडीला आपला गोवाही आहे.

चित्र देखणं आहे. खाली तेजू नदीत गलबतांची दाटी, टेकडीवर किल्ला, काठावर राजवाडा. पूर्वेकडच्या व्यापाराचा कारभार बघणारं 'काझा दा इंडिया' तिथेच होतं. १७५५ च्या भूकंपात राजवाड्यासकट ते गेलं. जीव अडकलाय तो त्यासाठी.

घोडं अडलंय ते पाठीवर. पाठ चक्क कोरी आहे! वाचलं होतं की मागे लॅटिन, जर्मन किंवा फ्रेंच मजकूर असतो. कडेने छपाईच्या तांब्याच्या पत्र्याचा दाब मात्र बोटाला लागतो. रंग जरा जास्तच टवटवीत वाटतात, विशेषतः हिरवा.

घ्यायच्या आधी काय तपासू? आणि मुंबईच्या हवेत टिकेल का?

प्रतिसाद १
नुसत्या दाबावर जाऊ नका, तो नकलेवरही उठवता येतो. भिंगातून रेघ बघा. ठिपक्यांची जाळी दिसली तर विषय संपला, ती आधुनिक छपाई. अस्सल ठशात रेघ सलग आणि शाई किंचित उंच असते. कागद उजेडात धरा, हातकागदाच्या साच्याच्या रेघा दिसायला हव्यात. मधली घडीही बघा, अ‍ॅटलासमध्ये बांधलेलं पान तिथे दुमडलेलं असतं.

जुना हिरवा रंग तांब्यापासून केलेला, तो कागद खातो आणि मागे तपकिरी उमटतो. तसं नसेल तर रंग बहुधा नंतर भरलाय, पण तेवढ्यावरून ठसा खोटा ठरत नाही.

कोरी पाठ म्हणजे नक्कलच, असंही नाही. हे पत्रे पुढे अ‍ॅमस्टरडॅमचा नकाशा-प्रकाशक यान्सोनियस याच्याकडे गेले आणि जुन्या पत्र्यांवरून नंतरही छपाई होत राहिली. पण मग ते १५९८ चं नव्हे, आणि किंमतही तशी नको. पावतीवर साल लिहून मागा. तिथे तो घुटमळला तर समजून जा.

प्रतिसाद २
काचेला थेट टेकवू नका, मध्ये आम्लमुक्त पुठ्ठ्याचा माउंट हवा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर आणि उन्हात टांगू नका. आणि "साहेब, लॅमिनेट करून देतो" म्हणणारा फ्रेमवाला भेटेलच. नकाशा उचलायचा आणि दुकानाबाहेर पडायचं.